गाडी मिसिंग करतेय? कार्बोरेटर खोलण्याआधी टाकीपासून खाली या

जुन्या गाडीनं रस्त्यात मिसिंग केलं, म्हणजे आचके देत दम टाकला, की जवळ येणारा पहिला माणूस बहुतेक एकच सांगतो, "कार्बेटर खोलावं लागतंय बघा मालक." पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात सोडणारा भाग म्हणजे कार्बोरेटर, त्यामुळे त्याचं अगदीच चूक असतं असं नाही. पण टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल, कॉकच्या (टाकीखालच्या तोटीच्या) जाळीत गंज बसला असेल किंवा पाइप कुठं दुमडला असेल, तर कार्बोरेटर कितीही वेळा खोला, गाडी पुन्हा तिथंच बंद पडणार. शिवाय नवख्या हातानं खोललेल्या कार्बोरेटरमध्ये आधी नसलेले दोन बिघाड हमखास तयार होतात: स्क्रूचं डोकं गेलेलं आणि पॅकिंग फाटलेलं.

म्हणून पेट्रोल ज्या वाटेनं येतं त्याच वाटेनं शोध घ्यायचा. टाकी, कॉक, पाइप, बाऊल (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोल साठवणारी वाटी), जेट (बारीक भोकाचा पितळी तुकडा). वरून खाली. दोष सापडला की तिथंच थांबायचं, पुढचं उगाच उघडायचं नाही.

हे सगळं स्प्लेंडर, सीडी १००, बॉक्सर, आरएक्स १००, जुनी पल्सर अशा कार्बोरेटरवाल्या गाड्यांचं आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरच्या जागी पेट्रोल मोजून फवारणारा इंजेक्टर आला. तुमची गाडी त्यानंतरची असेल तर यातलं फारसं काही तिला लागू नाही.

आधी जागा

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जाते. सोलापुरातल्या जुन्या पेठांमधली घरं आठवा: अरुंद बोळ, दारातच गाडी, आत चार पावलांवर गॅसची शेगडी, कोनाड्यात देवाचा दिवा. अशा ठिकाणी कार्बोरेटर खोलायचा नाही म्हणजे नाही. उघड्यावर, सावलीत, गार इंजिनवर काम करा. शेजारी घमेलंभर वाळू ठेवा, कारण पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतलं तर आग पाण्यावर तरंगत आणखी पसरते. बघ्यांपैकी कोणाच्या हातात विडी असेल तर त्याला आधी लांब पाठवा, मग नमस्कार-चमत्कार करा.

हत्यारं थोडकीच लागतात. प्लग पाना, १० नंबरचा पाना, पक्कड, नेमका बसणारा स्टार स्क्रू ड्रायव्हर, एक चपटा, आणि रुंद तोंडाची स्वच्छ काचेची बाटली. लोणच्याची जुनी बरणीही चालेल. ही बाटली सर्वांत महत्त्वाची, ते पुढं कळेल.

गाडी कुठं अडते ते आधी सांगा

मेकॅनिककडे जा किंवा स्वतः करा, "गाडी नीट चालत नाही" एवढ्यावर काही होत नाही. कार्बोरेटरमध्ये अॅक्सिलरेटर किती ओढलाय त्यानुसार वेगवेगळा भाग काम करत असतो. मूठ सोडलेली असताना आणि साधारण पाव ओढेपर्यंत पायलट जेटचं राज्य. पाव ते पाऊण या पट्ट्यात मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडला लटकलेली निडल (सुई) पेट्रोल मोजते. पाऊणच्या पुढं मेन जेट.

आता हे आपल्या रस्त्यांवर बसवून बघा. सात रस्त्याला सिग्नलवर थांबलात आणि मूठ सोडताच गाडी बंद, पण पळताना काही तक्रार नाही: संशय पायलट जेटवर किंवा आयडलिंगच्या (मूठ सोडल्यावर इंजिन चालतं त्या वेगाच्या) सेटिंगवर घ्या. गावात गुणी, पण तुळजापूरला जाताना शेवटच्या घाटात डबलसीट पूर्ण मूठ ओढली की घुर्र करून वेग पडतो: एक तर मेन जेट अर्धवट बुजलाय किंवा वरून पेट्रोलच पुरेसं उतरत नाही. ४०-५० च्या वेगात एकसारखी मूठ धरली की झटके मारते, कमी-जास्त केली की बरी चालते: निडलकडे बघा. पल्सरच्या बऱ्याच मॉडेलांमध्ये स्लाइड रबरी पडद्यानं उचलली जाते. तो पडदा फाटला तर मूठ ओढली तरी इंजिनाला वेगच घेता येत नाही.

चोक, म्हणजे मिश्रणात पेट्रोल वाढवणारा खटका, हेही निदानाचं साधन आहे, आणि फुकटचं. इंजिन गरम झाल्यावर थोडा चोक ओढा. गाडी सुधारली तर तिला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. आणखी बिघडली, काळा धूर आला, तर पेट्रोल आधीच जास्त होतंय. हे उत्तर मिळालं की अर्धी वाट संपली.

पेट्रोल की करंट?

चालता चालता कोणी चावी बंद केल्यासारखी गाडी एकदम गेली, तर बहुतेक करंटचा दोष. आचके देत, दोन-तीनदा सावरून, मग गेली तर बहुतेक पेट्रोलचा. पक्कं करायचं तर दहा-बारा किका मारून लगेच प्लग काढा. टोक कोरडं ठणठणीत असेल तर पेट्रोल इंजिनपर्यंत पोचतच नाही. ओलं असेल तर पेट्रोल येतंय, पण एक तर जास्त येतंय किंवा ठिणगी पेटवत नाही. ठिणगी बघताना प्लग कॅपला लावून त्याची चुडी इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवा, आणि प्लगच्या भोकापासून लांब धरा. त्या भोकातून किकेबरोबर पेट्रोलचा फवारा बाहेर येत असतो.

व्यवस्थित चाललेल्या गाडीच्या प्लगचं टोक विटकरी-तपकिरी दिसतं. काजळी धरलेलं म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर कोंदलेला. पांढरंफटक म्हणजे पेट्रोल कमी, आणि हे जास्त वाईट, कारण इंजिन तापतं. प्री-मिक्स टाकणाऱ्या टू-स्ट्रोक गाडीत तर ऑइलही पेट्रोलसोबतच येतं. तिथं पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो. आरएक्सवाल्यांनी पांढरा प्लग दिसला की त्या दिवशी जोरात पळवू नये.

झाकण, कॉक, पाइप

गाडी पाच-सात किलोमीटर छान चालते, मग हळूहळू मरते, दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू होते. असं असेल तर पुढच्या वेळी बंद पडताक्षणी टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल खाली जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल थांबतं. धूळ आणि गाडी धुतल्यावर बसलेला चिखल हे त्याचं नेहमीचं कारण. भोक साफ करा, झाकणाचं रबर बघा, काम झालं. यासाठी पूर्ण कार्बोरेटर खोलून घेतलेली माणसं या गावात भरपूर आहेत.

झाकण ठीक असेल तर कॉक. कॉक बंद करून कार्बोरेटरकडचं पाइपाचं टोक काढा, बरणीत धरा, कॉक चालू करा. धार एकसारखी आणि न थांबता यायला हवी. पहिल्यांदा भळकन आली आणि मग ठिबकायला लागली तर कॉकची जाळी भरलीय, किंवा पुन्हा तो झाकणाचा प्रश्न. धार निदान अर्धा मिनिट चालू ठेवून बघा, नाहीतर पाइपातच साठलेलं पेट्रोल बघून समाधान व्हायचं. मग हेच रिझर्व्हवर करा. मेनची नळी टाकीत उंच उभी असते आणि रिझर्व्हचं तोंड तळाशी, त्यामुळे गंज, पाणी, कचरा सगळं रिझर्व्हच्या वाट्याला येतं. कायम रिझर्व्हवर शंभराचं पेट्रोल टाकून गाडी चालवणाऱ्यांचे कार्बोरेटर वारंवार का भरतात, हे एवढ्यावरून समजावं.

पाइप हातात घेऊन वाकवा. कडक झालाय, टोकाला चिरा आहेत, तर बदला. फार लांब पाइप लावू नका, टाकीखाली त्याचं वेटोळं होतं आणि पेट्रोल अडतं. मध्ये छोटा फिल्टर लावायचा असेल तर बाण कार्बोरेटरच्या दिशेनं ठेवा. मोठा कारचा फिल्टर लावू नये. इथं पेट्रोल पंपानं ढकललं जात नाही, नुसतं उतारानं येतं.

बरणीत काय दिसतं

आता कार्बोरेटरच्या बाऊलखालचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि आतलं पेट्रोल बरणीत घ्या. बाऊलखालची नळी कुठं जाते ते आधी बघा, नाहीतर चपलेवर घ्याल. बरणी पाच मिनिटं स्थिर ठेवा आणि उजेडाकडे धरून बघा.

तळाशी विटकरी भुकटी बसली तर टाकीला आतून गंज. कार्बोरेटर साफ करून आठवडाभर सुख मिळेल, पुन्हा तेच. टाकी उतरवून आतून गंज काढून घेतल्याशिवाय सुटका नाही. काळे, मऊ कण दिसले तर पाइपाचं आतलं रबर सुटतंय. वास आंबूस, रंग गडद, बोटाला चिकट लागत असेल तर पेट्रोल शिळं झालंय. आणि तळाशी वेगळा थर किंवा पाऱ्यासारखे इकडून तिकडं पळणारे थेंब दिसले तर ते पाणी.

पाणी येतं कुठून? पावसापेक्षा जास्त वेळा गाडी धुताना. आपल्याकडे नळाला पाणी आलं की त्याच दिवशी सगळी धुणी, भांडी आणि गाडी उरकून घ्यायची असते. पाइपाची धार टाकीच्या झाकणावर आणि सीटखालच्या एअर फिल्टरवर सरळ मारली जाते. झाकणाचं रबर जुनं असेल तर पाणी आत. टाकीवर फडकं टाकून धुवा.

इथेनॉलची गोष्ट

सोलापूर साखर कारखान्यांचा जिल्हा, त्यामुळे इथेनॉल इथं कोणाला नवं नाही. उसाचा रस आणि मळी यांपासून ते बनतं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ मध्ये पंपांवर यायला लागलं आणि आता बहुतेक सगळीकडं तेच मिळतं. त्यावरून कट्ट्यावर भांडणं होतात. जुन्या गाडीच्या मालकाला भांडणापेक्षा चार गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

पहिली: इथेनॉल पाणी शोषून घेतं. थोडं पाणी ते पेट्रोलमध्ये सामावून घेतं आणि काही जाणवत नाही. मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासोबत तळाशी बसतं, आणि रिझर्व्हवर कॉक तळाचंच ओढतो. पावसाळ्यात महिना-दोन महिने उभी राहिलेली गाडी सुरू न होण्यामागं हे असू शकतं. अशा वेळी वरून ताजं पेट्रोल ओतून उपयोग नाही, टाकी पूर्ण रिकामी करा. दुसरी: ते जुना साठलेला चिकटा सोडवतं. त्यामुळे वर्षानुवर्षं टाकीत निवांत बसलेली घाण जाळीत आणि जेटमध्ये येते. तिसरी: जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही. ओ-रिंग (जोडातली गोल रबरी कडी) फुगते, पाइप कडक होतो. बदलताना इथेनॉलला चालणारे भाग मागून घ्या. चौथी: इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो आणि लिटरमागे ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. गाडी पूर्वीपेक्षा किंचित कोरडी, आचके देणारी वाटत असेल आणि तुमच्या निडलला एकापेक्षा जास्त खाचा असतील, तर क्लिप एक खाच खाली लावा. निडल वर उचलली जाते, मधल्या पट्ट्यात पेट्रोल थोडं वाढतं. काही गाड्यांच्या निडलला एकच खाच असते, तिथं हा उपाय नाही.

आता खोला

इथवर सगळं ठीक निघालं तरच. कॉक बंद, बाऊल रिकामा. खोलण्याआधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा, केबल कुठून गेलीय तेही. खाली पांढरं जुनं धोतर किंवा पंचा पसरा. रंगीत चादर नको, पितळी जेट तिच्यात हरवतो.

कुठलाही सेटिंगचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हातानं आत फिरवा, टेकेपर्यंत किती फेरे झाले ते लिहून ठेवा, मग काढा. जोरानं आवळू नका, त्याचं टोक सुईसारखं असतं आणि बसायची जागा खराब होते. बाऊलचे स्क्रू बहुधा घट्ट बसलेले असतात. डोक्यावर ड्रायव्हर ठेवून मागून हलकी टपली मारली की सुटतात.

पायलट जेट काढून उजेडाकडे धरा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक भोक असतं. आरपार स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला, कडा केसाळ दिसली किंवा काहीच दिसलं नाही, तर तुमचा चोर सापडला. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजत ठेवा, मग पंक्चरवाल्याकडं हवा मारून घ्या. टाचणी, तार, केसाची पिन यांतलं काहीही भोकात घालायचं नाही. पितळ मऊ असतं, भोक एकदा मोठं झालं की ते कायमचं, आणि मग गाडी पेट्रोल का पिते याचं कारण कोणालाच सापडत नाही. हवा मारण्याआधी फ्लोट (बाऊलमधला तरंगता डबा), फ्लोट निडल (त्याच्यामुळे पेट्रोलची वाट उघडबंद करणारी सुई) आणि सगळी रबरं बाहेर काढून ठेवा. क्लीनर रबरावर पडू देऊ नका. बॉडीतल्या बारीक वाटाही फुंकायच्या, नुसते जेट साफ करून भागत नाही.

बसवताना जेट आवळायला ताकद लागत नाही. टेकला की पाव फेरा, बास.

खालून पेट्रोल ठिबकतं तेव्हा

ओव्हरफ्लोच्या नळीतून ठिबकणं म्हणजे फ्लोट निडल बंद होत नाही. बहुतेकदा तिच्या बैठकीत कचऱ्याचा एक कण असतो. ड्रायव्हरच्या मुठीनं बाऊलवर दोन हलक्या टपल्या मारून ठिबकणं थांबलं तर घरी पोचाल, पण खोलायचं टळलं नाही. खोलल्यावर निडलचं टोक नखानं चाचपा. गोल खोबण जाणवली तर नवी घ्या. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला भोक आहे, तो तरंगत नाही, बदला. फ्लोटची पट्टी वाकवून उंची बदलण्याचा सल्ला रस्त्यावर सर्रास मिळतो. तुमच्या गाडीच्या पुस्तकातलं माप हातात नसेल तर त्या पट्टीला हात लावू नका.

चोरून शिरणारी हवा

गाडीचं आयडलिंग कधी वर, कधी खाली, मूठ सोडली तरी इंजिन पळतच राहतं. कार्बोरेटर स्वच्छ असूनही असं होत असेल तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला जोड बघा. तिथली ओ-रिंग चपटी झाली, रबराला चीर गेली किंवा बोल्ट कमी-जास्त आवळले गेले की न मोजलेली हवा आत जाते. गाडी सुरू ठेवून जोडावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनाचा आवाज बदलला तर गळती तिथंच. काही जण हीच तपासणी पेट्रोल किंवा क्लीनर उडवून करतात. तापल्या सायलेन्सरशेजारी हा उद्योग करायचा नाही.

सेटिंग

गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून गरम करून आणा. गार गाडीवर केलेलं सेटिंग गरम झाल्यावर बिघडतं. मिश्रणाचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा मोजतो, बाहेर काढला की पेट्रोल तुलनेनं कमी होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर उलटं, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. हे न समजल्यामुळे माणसं तासभर उलट्या दिशेनं फिरवत बसतात. लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर आणा. माहीतच नसतील तर दीड फेऱ्यापासून सुरुवात करा. मग पाव-पाव फेरा फिरवून इंजिन सर्वांत जास्त आणि एकसारखं पळेल ती जागा शोधा, आणि शेवटी आयडलिंगच्या स्क्रूनं वेग खाली आणा. स्प्लेंडरसारख्या गाडीचं आयडलिंग मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास असतं. मीटर नसेल तर कानानं: हेडलाइट लावून ब्रेक दाबला तरी बंद पडू नये, आणि गिअर टाकताना खाडकन आवाज येऊ नये.

एका वेळी एकच बदल. प्लग, जेट आणि स्क्रू तिन्ही एकदम बदलले तर सुधारलं कशानं हे कळत नाही, आणि बिघडलं तर त्याहून नाही.

सोलापूरचा उन्हाळा

एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला टेकतो तेव्हा काही तक्रारी या बिघाड नसतातच. दुपारी उन्हात उभी केलेली गाडी सुरू व्हायला त्रास देते, कारण बाऊलमधलं पेट्रोल तापून वाफ होऊन इंजिनात भरलेलं असतं. चोक ओढू नका. मूठ पूर्ण ओढून धरा आणि सावकाश पाच-सहा किका मारा, साठलेली वाफ बाहेर पडते. टाकी काठोकाठ भरू नका. १० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं तर साधारण २०० मिलिलिटरनं फुगतं, आणि त्याला जायला जागा लागते. लग्नसराईत किंवा सुट्टीत पंधरा दिवस गावाला जाणार असाल तर कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, किंवा ड्रेन स्क्रूनं बाऊल रिकामा करा. नाहीतर बाऊलमधलं पेट्रोल उडून जातं आणि त्याचा चिकटा पायलट जेटमध्ये राहतो.

नवा कार्बोरेटर कधी?

स्लाइड बाहेर काढून बघा. तिच्या अंगावर एका बाजूला चमकदार घासलेला पट्टा असेल आणि बसवल्यावर ती बोटानं खडखड हलत असेल, तर झिजलेल्या जागेतून हवा जातच राहणार. अशा कार्बोरेटरचं सेटिंग टिकत नाही. त्यावर सेटिंगसाठी पुन्हा पुन्हा पैसे घालवण्यात अर्थ नाही. नवा घेताना तुमच्या मॉडेलचाच मागा, "सगळ्या १०० सीसीला बसतो" असा नको. भोकं जुळतात, जेट जुळत नाहीत. स्वस्त नकलेमध्ये जेटवर आकडा एक आणि भोक दुसरंच असू शकतं. म्हणून जुना कार्बोरेटर भंगारात देण्याआधी त्यातले मेन आणि पायलट जेट काढून, त्यांच्यावरचे आकडे लिहून, एका डबीत ठेवून द्या. नव्यावर गाडी नीट चालली नाही तर पहिला प्रयोग तेच जुने, स्वच्छ केलेले जेट नव्यात बसवून बघण्याचा. पण आधी दोन्हीची चुडी आणि लांबी सारखी आहे ना, तेवढं ताडून घ्या.